अजिंठा आणि फैजपूर : एका चित्रकाराची दृष्टी

१

चित्रकाराचे चरित्र लिहिताना त्याने कोणापाशी शिक्षण घेतले, कोणता मान मिळविला आणि कोणत्या साली कोणते चित्र रंगविले, एवढ्याची नोंद केली म्हणजे आपले काम झाले, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ही माहिती हवी, यात शंका नाही. परंतु तिच्याने एक प्रश्न सुटत नाही. हा मनुष्य जगाकडे पाहत होता तो कसा, आणि ते पाहणे तो शिकला कोठे? कुंचला हाती घेण्यापूर्वी चित्रकाराला पाहावे लागते. किंबहुना त्याचे निम्मे कार्य तेथेच पार पडलेले असते. रसिकाचे तर सगळेच कार्य पाहण्याचे. म्हणून चित्रकाराच्या दृष्टीचा इतिहास हा काही अंशी आपल्याही दृष्टीचा इतिहास असतो.

नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांच्यापुरते या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्या खानदेशच्या आसमंतात सापडते. बोदवडच्या दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर आहे. उत्तरेस तापी ओलांडून गेले की सातपुड्याच्या पायथ्याकडे फैजपूर लागते. सरळ रेषेने मोजले तर बोदवडपासून ही दोन्ही स्थळे पन्नास किलोमीटरांच्या आत आहेत. अजिंठ्यास नंदलाल आले ते १९०९ सालच्या हिवाळ्यात, ऐन सत्ताविशीत, लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी. फैजपुरास आले ते १९३६ साली, चौपन्नाव्या वर्षी, राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे नगर सजविण्यासाठी. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. पहिल्या मुक्कामी त्यांनी जे घेतले ते दुसऱ्या मुक्कामी एका निराळ्या रूपाने लोकांस परत दिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि या देवघेवीकडे खानदेशातील सुशिक्षितांनी पाहावे तितके लक्ष देऊन पाहिलेले नाही.

२

नंदलालांच्या आधी अजिंठ्यास प्रतिकृतिकार आले नव्हते असे नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी येथे पोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून गेला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ साली, कंपनी सरकारने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याची या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. गिलने जवळजवळ वीस वर्षे हे काम केले. त्याचे मोठमोठे फलक लंडनला रवाना झाले, सिडनहॅम येथील काचमहालात प्रदर्शनास लागले आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत, चारपाच वगळता, जळून गेले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपले हिंदी विद्यार्थी बरोबर घेऊन तेच काम नव्याने आरंभिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम हे काम चालले. सुमारे तीनशे चित्रे झाली. त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतील शंभरांहून अधिक भस्मसात झाली. उरलेल्या चित्रांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ साली निघाला.

एकाच चित्रसंभाराच्या प्रतिकृती वीस वर्षांच्या आत दोनदा अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडाव्यात, हा योगायोग विलक्षण खराच. परंतु याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. काळवंडलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून या प्रतिकृतिकारांनी मूळ भिंतींवर रोगण चढविले. त्या घटकेपुरते रंग उजळले; पुढे ते रोगण पिवळे पडले, तडकले आणि जाताना रंगाचे पापुद्रे बरोबर घेऊन गेले. १९२० नंतर हैदराबाद सरकारने इटलीहून बोलाविलेल्या तज्ज्ञांनी भिंतींचे गिलावे सावरले हे खरे, तथापि त्यांनी वापरलेला लेपही कालांतराने काळा पडला. आणि ही सगळी पुटे हलक्या हाताने उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस अलीकडे करावे लागले. पाहण्याच्या उतावीळपणाने पाहावयाची वस्तूच झिजावी, असा हा प्रकार आहे.

गिलला दूषण देण्याचा येथे हेतू नाही. तो १८७९ साली वारला आणि त्याची कबर भुसावळास आहे. अजिंठा गावात पारो या स्त्रीच्या नावाचा, १८५६ सालचा, स्मृतिलेख आहे. या दोघांच्या प्रेमाची कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक, कै. ना. धों. महानोरांनी तिच्यावर काव्य रचले, पुढे चित्रपटही निघाला. गिल कोण होता असे विचारले तर पारोची गोष्ट सांगणारे शंभर भेटतात. त्याच्या कुंचल्याविषयी बोलणारा क्वचित. कलावंताचे प्रेम आपल्याला लवकर समजते. त्याचे पाहणे समजून घेण्यास सायास पडतात.

३

१९०९–१० आणि १९१०–११ या दोन हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या विदुषी अजिंठ्यास राहिल्या. जुन्या इटालियन चित्रपद्धतीचा त्यांचा व्यासंग मोठा होता. चेन्निनो चेन्निनी याच्या चित्रकलेवरील प्राचीन ग्रंथाचे भाषांतर त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केले होते. त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण आले; हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फज्लुद्दीन आले. नंदलालांनी जावे असा आग्रह भगिनी निवेदितांनी धरला होता. या मंडळींच्या प्रतिकृती लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

नंदलाल तोपर्यंत कोण होते? बिहारातील मुंगेर जिल्ह्यात खडगपूर येथे त्यांचे बालपण गेले. आई बाहुल्या व खेळणी घडविण्यात निपुण. गावात मूर्ती करणारे कुंभार. मुलगा त्यांच्याजवळ तासन्‌तास बसे. महाविद्यालयीन परीक्षांत अपयश येत राहिले आणि अखेर १९०५ च्या सुमारास कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी ते दाखल झाले. अवनींद्रनाथांची चित्रे लहान आकाराची, धूसर रंगांची, हातात घेऊन पाहावयाची. अशा हाताळीच्या चित्रांत वाढलेला हा तरुण एकाएकी अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा राहिला.

त्या भिंतीसमोर चित्रकाराला काय दिसत असेल, हे समजण्यासाठी भिंत घडली कशी ते पाहिले पाहिजे. खडकाच्या खडबडीत पृष्ठावर माती, साळीचा कोंडा, वनस्पतींचे तंतू असे एकत्र मळून त्याचा गिलावा दिलेला. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर खळीत कालविलेले रंग. रंगही बहुतेक आसपासच्या मातीतले : गेरू, पिवडी, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळाचा काळा. निळा तेवढा लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानकडून आलेला. म्हणजे सह्याद्रीच्या या फाट्यावर उगाळलेल्या रंगांत एक रंग बदख्शानच्या खाणीचा होता. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळी, या लेण्यांचा मोठा भाग कोरला व रंगविला गेला. दहाव्या लेण्यासारख्या ठिकाणी त्याहूनही कित्येक शतके आधीचे काम आहे.

एवढ्या थोड्या साधनांवर जे साधले ते मुख्यत्वे रेषेच्या बळावर. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची भुवई पाहावी. रेषा एकच, ती सुरू होते, फुगते, वळते आणि विरते. तिच्या फुगण्या-विरण्यातच हाडाची उंची, कातडीची मृदुता आणि मनाची करुणा एकदम येते; छायाप्रकाशाचा फारसा आधार तिला घ्यावा लागत नाही. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रात मान कलली आहे, बोटे सैल पडली आहेत. दुःख चेहऱ्यापेक्षा अधिक त्या बोटांत आहे. ग्रिफिथ्स यांच्यासारख्या युरोपीय पद्धतीत मुरलेल्या शिक्षकानेही भावदर्शनाच्या बाबतीत या चित्रास इटलीच्या थोर चित्रकारांच्या बरोबरीने बसविले होते.

रेषेसारखीच दुसरी गोष्ट रचनेची. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक पाहताना चित्रास चौकट नाही, एक प्रसंग कोठे संपला व दुसरा कोठे लागला हे सांगणारी भिंत नाही. राजवाड्याचा एक खांब किंवा एखादे झाड ते काम करते. पाहणाऱ्याने एका जागी उभे राहून चालत नाही. त्याला कथेबरोबर चालावे लागते. युरोपीय चित्र प्रेक्षकाला एका बिंदूवर उभे करते आणि तेथून जग दाखविते. अजिंठ्याचे चित्र प्रेक्षकाला आपल्या आत घेते. त्याच लेण्यात बुद्धापुढे उभी राहिलेली यशोधरा आणि राहुल यांचे चित्र आहे. भव्य बुद्ध आणि इवलीशी मायलेकरे. आकाराचे हे प्रमाण डोळ्यांस खोटे आहे, पण त्या मुलाच्या मनास ते तसेच दिसत असले पाहिजे.

प्रतिकृतिकाराला हे सर्व प्रेक्षकापेक्षा निराळ्या रीतीने कळते. प्रेक्षक ‘सुंदर’ म्हणून पुढे जातो. प्रतिकृती करणाऱ्याला त्याच रेषेपाशी दिवसच्या दिवस बसावे लागते. ती कोठे दाबली, कोठे उचलली, श्वास कोठे घेतला, याचा शोध आपल्या मनगटाने घ्यावा लागतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या अनाम कारागिराचा हात आपल्या हातात घेण्याचा हा मार्ग होय. गिल आणि ग्रिफिथ्स यांचा मुख्य उद्देश नोंद करण्याचा होता. नोंद जळाली तेव्हा त्यांचा बराचसा उद्योग जळाला. नंदलालांनी केलेल्या प्रतिकृती जळाल्या असत्या, तरी त्यांचे मनगट शिकले होते ते जळण्यासारखे नव्हते.

४

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. तो आपल्या महाराष्ट्रातच अधिक जोराने घेतला जाई. जे. जे. कलाशाळेच्या वास्तवदर्शी परंपरेत, धुरंधरांसारख्यांच्या चित्रांवर ज्यांची अभिरुची पोसली, त्या रसिकांस बंगाली संप्रदायाची चित्रे निर्जीव वाटत. शेंगांसारखी लांब बोटे, पेंगुळलेले डोळे, हाडे नसलेले हात : हे सर्व अजिंठ्याच्या नावावर खपविले जाते, असे ते म्हणत. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. अजिंठ्याची धाटणी उचलणे सोपे होते, आणि पुष्कळांनी तेवढेच केले. १९२० च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेतही ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या पुढाकाराने भित्तिचित्रणाचा वर्ग निघाला आणि प्राचीन भारतीय वळणाची चित्रे तेथेही होऊ लागली. तेव्हा हा रोग किंवा हे औषध, काय म्हणावयाचे ते म्हणा, केवळ बंगालपुरते राहिले नाही.

नंदलालांचे मोठेपण असे की, हा धोका त्यांनी टीकाकारांच्या आधी ओळखला. १९१२ साली जपानी विचारवंत ओकाकुरा दुसऱ्यांदा हिंदुस्थानात आले असता त्यांनी नंदलालांना कलेचा एक त्रिकोण समजावून सांगितला. निसर्ग, परंपरा आणि स्वतःची प्रतिभा या त्याच्या तीन बाजू. निव्वळ निसर्गास धरले तर नक्कल होते; निव्वळ परंपरेस धरले तर कला गोठते; आणि दोहोंवाचूनची प्रतिभा ही केवळ लहर होय. हे सूत्र नंदलालांनी जन्मभर सांभाळले. अजिंठ्याचे कारागीर डोळे मिटून जुन्या पोथ्या गिरवीत नव्हते; हत्ती कसा बसतो, दोन बैल झुंजताना माना कशा घालतात, माकड फांदीवर कसे लोंबते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. तेव्हा अजिंठ्याचे खरे अनुयायित्व म्हणजे अजिंठ्याची बोटे काढणे नसून आपल्या दारचा बैल पाहणे होय. १९२१ साली माळव्यातील बाघ येथील लेण्यांच्या प्रतिकृती करूनही ते पुढे त्या धाटणीत अडकून पडले नाहीत, याचे कारण हेच.

रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून ते शांतिनिकेतनास गेले आणि १९२२ पासून १९५१ पर्यंत तेथील कलाभवनाचे प्रमुख राहिले. तेथे ते विद्यार्थ्यांस घेऊन माळरानावर, संथाळांच्या वस्तीत, ताडाच्या झाडांखाली हिंडत. जवळ कार्डे असत. एक झाड, एक बकरी, ओझे वाहणारी बाई, असे काहीबाही चार रेषांत टिपले जाई. अशी कार्डे त्यांनी आयुष्यभर काढली. बिनोदबिहारी मुखर्जी व रामकिंकर बैज यांच्यासारखे, परस्परांहून आणि गुरूहूनही अगदी भिन्न असे कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. सत्यजित राय यांनीही १९४० ते १९४२ या काळात तेथेच चित्रकलेचे धडे घेतले. गुरूने धाटणी शिकविली असती तर हे शिष्य इतके निरनिराळे निपजले नसते. नंदलालांच्या कलाविषयक लेखनाच्या संग्रहास ‘दृष्टि ओ सृष्टि’ हे नाव आहे, आणि या नावात दृष्टी अगोदर आहे.

५

डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन फैजपुरास भरले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तसे व्हावे हा गांधीजींचा हट्ट होता. अधिवेशनाच्या नगरास टिळकनगर हे नाव दिले होते. त्याची उभारणी व सजावट नंदलालांनी करावी असे गांधीजींनी ठरविले. नंदलालांनी प्रथम मागेपुढे पाहिले. आपण चित्रकार, बांधकामाचे शास्त्र आपणांस अवगत नाही, अशी त्यांची अडचण होती. गांधीजींनी ती मानली नाही. म्हात्रे या स्थापत्यकारांची जोड मिळाली आणि काम उभे राहिले.

साहित्य कोणते, तर गावाभोवती जे मिळे ते : बांबू, तट्टे, गवत, दोर, खादी. कमानी बांबूच्या, मांडव गवताचे. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी शेतकऱ्याची नित्याची बैलगाडी सजवून तिचा रथ करण्यात आला. पोळ्याला बैल सजविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्या रथाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २५ डिसेंबर रोजी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन खुले करताना गांधीजींनी नंदलाल आणि म्हात्रे यांच्या कामाचा मुक्तकंठाने गौरव केला. गावातल्या साधनांतूनच गावाचे सौंदर्य उभे राहिले, यात त्यांचा आनंद होता.

अजिंठ्यातील कारागिराने पायाखालची माती उगाळून रंग केला. नंदलालांनी फैजपुरात हाताशी असलेला बांबू उभा करून कमान केली. या दोन्हींत धाटणीचे साम्य शोधू गेल्यास काही हाती लागणार नाही. वृत्तीचे साम्य मात्र पूर्ण आहे. अजिंठ्यासही चित्र ही विकत घेऊन भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हती. लोक जेथे राहत, जेथे जमत, तेथे ती भिंतीचाच भाग होऊन राहिली. फैजपुरात हजारो शेतकरी ज्या कमानीखालून गेले, तिच्याकडे ‘कलाकृती’ म्हणून त्यांनी पाहिले नसेल. ते तिच्यातून चालत गेले, जसा अजिंठ्याचा यात्रिक विश्वंतराच्या कथेतून चालत जाई. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी नंदलालांनी जे फलक रंगविले, त्यांत ढोलकी, शिंपी, कुंभार, शिकारी असे गावचे लोक मातकट रंगांत आणि वेगवान रेषेत येतात. ते फलक जगप्रसिद्ध झाले. त्यांची वाट फैजपुरावरून गेली होती, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बांबूच्या त्याच मांडवात शेतकऱ्यांच्या सारा, खंड आणि कर्जाची चर्चा झाली, आणि सभेने शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव केला. गावाचे सौंदर्य आणि गावाचे दारिद्र्य एकाच छपराखाली होते. नंदलालांच्या फलकांवरील कुंभार व शिंपी प्रसन्न दिसतात. त्यांच्या डोक्यावरील ऋण तेथे दिसत नाही. खेड्याकडे पाहणाऱ्या सुसंस्कृत डोळ्याला हा मोह नेहमीच होतो. तथापि हे त्यांच्या दृष्टीचे अखेरचे टोक नव्हे. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी अन्नपूर्णेपुढे भिक्षा मागणारा शंकर काढला तो हाडांचा सापळा होऊन राहिलेला. पुराणातील प्रसंग तोच. पण डोळ्यांसमोरच्या माणसांची हाडे त्यात उतरली. ओकाकुरांचा त्रिकोण येथे पुरा झाला, असे म्हणता येईल.

६

फैजपूरचे ते नगर अधिवेशनानंतर उतरविण्यात आले. त्याची कोणास खंत वाटली नाही, कारण ते टिकण्यासाठी उभारलेलेच नव्हते. रांगोळी काढणाऱ्या गृहिणीस ती संध्याकाळपर्यंत पुसली जाणार हे ठाऊक असते, म्हणून तिची रेषा हयगयीने ओढलेली नसते. नंदलाल पुढे बडोद्याच्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगविण्यास गेले, भारताच्या राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांच्या देखरेखीखाली झाली. ती कामे टिकली आहेत आणि टिकावीत. पण टिकणे हे कलेचे एकच माप नव्हे, हे फैजपूर सांगते. आणि टिकविण्याचा उतावीळपणाही घातक होऊ शकतो, हे अजिंठ्याचे रोगण सांगते.

मग टिकावे काय? नंदलालांचे उत्तर त्यांच्या शिक्षणविषयक लेखांत मिळते. शिक्षणात कलेस स्थान नसल्याने सुशिक्षितांची सौंदर्यदृष्टी मंदावली आहे, अशी त्यांची तक्रार होती. संथाळाची सारवलेली, नेटकी झोपडी आणि उत्तम वसतिगृहातील विद्यार्थ्याची अस्ताव्यस्त खोली यांची तुलना ते करीत, आणि ती विद्यार्थ्याच्या बाजूने निघत नसे. सौंदर्य म्हणजे श्रीमंतांची चैन आणि चित्र म्हणजे तज्ज्ञांचा विषय, या दोन्ही समजुती त्यांस सारख्याच अनिष्ट वाटत. मुलांना चित्रकार करावयाचे नाही, त्यांचे डोळे उघडावयाचे, एवढीच त्यांची मागणी होती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या त्यांच्याच पिढीतल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु शेत, पाखरू, जाते यांकडे पाहण्याची त्यांची नजर कोणत्या कलाभवनाने दिली असती? ती आपल्या या मातीतच होती. नंदलाल जी दृष्टी शिकवू पाहत होते, ती खानदेशाला परकी नाही. शिकून आपण ती थोडीफार गमावली, इतकेच.

आज अजिंठ्यास जाणे पूर्वीच्या मानाने सुखाचे झाले आहे. घरोघरची मंडळी जातात, तीन-चार तासांत सगळी लेणी उरकतात आणि शेकडो छायाचित्रे घेऊन परततात. छायाचित्रास दोष देण्याचे कारण नाही; गिल हा स्वतःच उत्तम छायाचित्रकार होता. परंतु यंत्राने टिपले म्हणजे आपण पाहिले असे होत नाही. बोदवड, जामनेर, भुसावळ येथील शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एकदा मुलांना तेथे न्यावे आणि सगळी लेणी दाखविण्याचा आग्रह सोडावा. एक लेणे, त्यातील एक चित्र आणि तासभर वेळ. प्रत्येकाजवळ कागद व शिसपेन्सिल. रेषा चुकेल, हात वाकडा येईल, त्याची चिंता नको. यशोधरेने राहुलाच्या खांद्यावर हात ठेवला आहे तो कसा, हे ज्या मुलाने तासभर निरखले, ते घरी आल्यावर आपल्या आईच्या हाताकडेही निराळ्या नजरेने पाहील. नंदलाल बोसांचे स्मारक खानदेशाने करावयाचे, तर यापरते चांगले स्मारक आम्हांस सुचत नाही.